बंडाचा उत्तरभाग

माणूस ज्याला वास्तव समजतो ते कोणीतरी रचलेले आभासी विश्व आहे आणि ज्याला हे उमगते तो त्या रचनेविरुद्ध बंड पुकारतो, ही कल्पना संगणक घरोघर पोहोचण्याच्या कितीतरी आधी विज्ञानकथेत रुजली होती. अमेरिकी लेखक डॅनियल गालुय यांच्या ‘सिम्युलाक्रॉन-३’ (१९६४) या कादंबरीत लोकमत अजमावण्यासाठी यंत्रात एक अख्खे शहर वसवले जाते. १९७३ साली जर्मन दिग्दर्शक राइनर वेर्नर फासबिंडर यांनी तिच्यावर दूरचित्रवाणीसाठी दोन भागांची कलाकृती केली, तर १९८२ च्या ‘ट्रॉन’मध्ये नायक संगणकात खेचला जाऊन तेथील हुकूमशहा बनलेल्या आज्ञावलीशी, म्हणजे यंत्राला चालवणाऱ्या सूचनांच्या संचाशी, लढला. लाना आणि लिली वाचोव्स्की या भगिनींचा ‘द मॅट्रिक्स’ १९९९ च्या मार्चअखेर अमेरिकेत प्रदर्शित झाला, तो या परंपरेचा वारस म्हणून. यंत्रे माणसांच्या देहांतून ऊर्जा काढतात आणि त्यांची मने विसाव्या शतकाच्या अखेरीच्या एका खोट्या जगात गुंतवून ठेवतात, ही त्याची कथा. मायेचा विचार कीर्तन-प्रवचनांतून ऐकत आलेल्या श्रोत्याला तीत अपरिचित असे फारसे नव्हते. नवे होते ते तिचे दृश्यरूप. सुमारे ६.३ कोटी डॉलरमध्ये बनलेल्या या चित्रपटाने संकलन, ध्वनी, ध्वनिपरिणाम आणि दृश्यपरिणाम अशी चार ऑस्कर पारितोषिके मिळवली.

मूळ चित्रपटाच्या अखेरीस नायक निओ आकाशात झेपावतो आणि कथा वस्तुतः तेथे संपते, कारण ज्याला त्या विश्वाचे सर्व नियम वाकवता येतात त्याला अडचणीत आणायचे कसे, हा प्रश्न कोणत्याही उत्तरभागासमोर उभा राहणारच होता. तरीही दोन उत्तरभाग एकत्रच चित्रित करण्याचे ठरले. ही रीत ‘बॅक टू द फ्युचर’च्या दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांनी (१९८९, १९९०) आधीच रूढ केली होती, तिच्यात नट आणि सेट एकदाच जमवावे लागतात, मात्र पहिल्या उत्तरभागावरची प्रेक्षकांची प्रतिक्रिया पाहून दुसऱ्यात दुरुस्ती करण्याची सोयही उरत नाही. कॅलिफोर्नियातील अलामिडा येथील नौदलाच्या जुन्या विमानतळावर केवळ एका पाठलागासाठी सुमारे दीड मैलाचा महामार्ग बांधण्यात आला. त्याच काळात कथेचे तुकडे इतर माध्यमांतही विखुरले गेले: यंत्रांची फौज झायन या माणसांच्या अखेरच्या भूमिगत शहराकडे खोदत येत असल्याची बातमी कोणी आणली हे ‘द ॲनिमॅट्रिक्स’ या लघुचित्रपटांच्या संचात दिसते, ती पुढे कशी पोहोचली हे ‘एंटर द मॅट्रिक्स’ या व्हिडिओ गेममध्ये कळते, आणि तिकीट काढून चित्रपटगृहात बसलेल्या प्रेक्षकाच्या वाट्याला केवळ दोन-चार वाक्यांचा उल्लेख येतो. ही प्रयोगशीलता होती असे म्हणता येईल. प्रेक्षकाला ती अर्धे ताट वाढल्यासारखी वाटली.

१५ मे २००३ रोजी आलेल्या ‘द मॅट्रिक्स रीलोडेड’ने जगभरात सुमारे ७४ कोटी डॉलर कमावले, म्हणजे निराशा गल्ल्यावर लगेच उमटली नाही. या चित्रपटाच्या गाभ्यात एक विलक्षण धाडसी विचार आहे. आभासी विश्वाचा रचनाकार, ज्याला तेथे ‘आर्किटेक्ट’ म्हणतात, निओला सांगतो की तो तारणहार म्हणून पहिला नसून सहावा आहे. जे थोडे लोक हे विश्व नाकारतात त्यांना सामावण्यासाठीच झायनची आणि बंडाची सोय ठेवलेली आहे. शहर वेळोवेळी नष्ट करायचे आणि निवडक २३ माणसांकडून ते पुन्हा वसवून घ्यायचे, हा ठरलेला क्रम आहे. बंड हेच व्यवस्थेचे सुरक्षाद्वार, हे सत्य पात्रांच्या अनुभवातून उलगडले असते तर उत्तरभाग मूळ चित्रपटाच्याही पुढे गेला असता, परंतु ते पडद्यांच्या भिंतीसमोर बसलेल्या एका वृद्धाच्या जडजंबाल व्याख्यानातून येते आणि बहुतेकांच्या डोक्यावरून जाते.

खरी फसगत मात्र ५ नोव्हेंबर २००३ रोजी जगभर एकाच वेळी झळकलेल्या ‘द मॅट्रिक्स रेव्होल्यूशन्स’मध्ये झाली. ज्या आभासी विश्वाविरुद्ध बंड, तेच येथे कडेला पडते. झायनच्या गोदीतील तोफा आणि यंत्रांची प्रदीर्घ लढाई मध्यभागी येते, आणि या लढाईपुरते निओ व त्याची प्रेयसी ट्रिनिटी दोघेही दूर असतात. भविष्यवेत्ती ओरॅकलची भूमिका करणाऱ्या ग्लोरिया फॉस्टर यांचे २००१ मध्ये निधन झाल्याने मेरी ॲलिस यांना घ्यावे लागले, आणि हा बदलही कथेतच ओवावा लागला. राम-कांद्र, कमला आणि त्यांची मुलगी सती या भारतीय नावांच्या आज्ञावल्यांचे कुटुंब हा या भागातील सर्वांत हृद्य प्रसंग आहे, कारण यंत्रालाही अपत्यप्रेम असू शकते या शक्यतेने बंडाची सरळ रेघ तेथे प्रथमच वाकते. पण तो थोडक्यात आटोपतो. शेवटच्या द्वंद्वाला बृहदारण्यक उपनिषदातील प्रार्थनेचे समूहगायन जोडले आहे. युद्धाचा निकाल विजयात न लागता तहात लागतो, जो विचार म्हणून प्रामाणिक असला तरी मुक्तीच्या आशेने आलेल्या प्रेक्षकाला तो हिशेब अपुरा वाटला. उत्पन्न सुमारे ४३ कोटी डॉलरवर आले.

डिसेंबर २०२१ मध्ये लाना वाचोव्स्की यांनी एकट्याने दिग्दर्शित केलेल्या ‘द मॅट्रिक्स रिझरेक्शन्स’मध्ये निओ हा व्हिडिओ गेमचा रचनाकार आहे आणि वॉर्नर ब्रदर्स ही कंपनी, तो तयार असो वा नसो, त्याच्या गेमचा उत्तरभाग काढणार असल्याचे त्याला ऐकवले जाते. त्या चित्रपटाचे जगभरातील चित्रपटगृहांतील उत्पन्न १६ कोटी डॉलरच्या आतच राहिले.