वाळवंटातील सहकुटुंब मुक्काम : बंगळुरूहून निघण्यापूर्वीची तयारी

थंडीचे दिवस जवळ आले की वाळवंटातील सहलींचे बेत आखले जाऊ लागतात. बंगळुरूहून स्वतःच्या गाडीने थरच्या वाळवंटात जाऊन, डांबरी रस्ता सोडून मोकळ्या जागी तंबू ठोकू इच्छिणाऱ्या कुटुंबासमोर एका बाजूचा सुमारे दोन हजार किलोमीटरचा प्रवास असतो. मात्र खरी परीक्षा रस्ता संपल्यानंतर सुरू होते. गाडी किती दणकट आहे, यापेक्षा दोन गोष्टींवर सुरक्षितता अधिक अवलंबून असते. पुरेसे पाणी सोबत आहे काय, आणि आपण कोठे आहोत हे मागे कोणाला तरी ठाऊक आहे काय?

जून २०२१ मध्ये राजस्थानच्या जालोर जिल्ह्यात आजीसोबत पायी निघालेल्या एका लहान मुलीचा पाण्याअभावी मृत्यू झाला. आजी बेशुद्धावस्थेत सापडली आणि बचावली. त्या दोघी त्याच भागातील रहिवासी होत्या. स्थानिकांनाही जेथे अंदाज चुकल्याची किंमत मोजावी लागते, तेथे बाहेरून जाणाऱ्यांनी तयारीत कसूर करून चालणार नाही.

हवामानातील फरक

बंगळुरू शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तेथील हिवाळा सौम्य असतो आणि उन्हाळ्यातही पारा ४० अंशांपर्यंत पोहोचणे दुर्मीळ आहे. एप्रिल २०१६ मध्ये तेथे ३९.२ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, तेव्हा तो उच्चांक ठरला होता. त्याच वर्षी १९ मे रोजी राजस्थानातील फलोदी येथे ५१ अंशांची नोंद झाली. त्यामुळे मार्च ते जून या काळात मुलांना घेऊन वाळवंटात मुक्काम करण्याचा विचारही करू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच योग्य काळ होय.

हिवाळ्यातील अडचण वेगळी असते. दिवसा उबदार ऊन असले तरी सूर्यास्तानंतर वाळू झपाट्याने निवते. जानेवारीत काही रात्री तापमान ५ अंशांच्याही खाली जाते. बंगळुरूत पुरेसा वाटणारा स्वेटर तेथे अपुरा पडतो. प्रत्येकासाठी जाड स्लीपिंग बॅग, जमिनीचा गारवा रोखणारी चटई, कानटोपी आणि पायमोजे आवश्यक आहेत. दिवसासाठी अंगभर सुती कपडे, रुंद काठाची टोपी व गॉगल घ्यावेत.

मार्ग आणि परवानगी

राष्ट्रीय महामार्ग ४८ हा तुमकुरू, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, पुणे, मुंबई या मार्गाने अहमदाबादपर्यंत नेतो. तेथून सांचोर व बाडमेरमार्गे जैसलमेर गाठता येते. मुले सोबत असल्यास दररोज ५०० ते ६०० किलोमीटरपेक्षा अधिक प्रवास टाळून जाण्यासाठी चार दिवस राखून ठेवणे इष्ट. राजस्थानात रात्रीच्या वेळी रस्त्यावर गुरे व उंट असतात, त्यामुळे अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचावे. एवढा प्रवास नको असल्यास बंगळुरूहून रेल्वेने जोधपूर गाठून पुढे चालकासह गाडी भाड्याने घेण्याचा पर्यायही आहे. वाळूचा अनुभव नसलेल्या कुटुंबासाठी तोच अधिक शहाणपणाचा ठरतो.

वाळवंट ओसाड दिसले तरी ते बेवारस नसते. जैसलमेर व बाडमेर जिल्ह्यांत पसरलेल्या डेझर्ट नॅशनल पार्कचे क्षेत्र ३,१६२ चौरस किलोमीटर आहे. सोलापूरजवळील नान्नज अभयारण्यामुळे महाराष्ट्राला परिचित असलेल्या माळढोक पक्ष्याचा हा अखेरचा मोठा आसरा. हा पक्षी जमिनीवर अंडी घालतो. वाट सोडून चालवलेली गाडी त्याच्या घरट्यावरून जाऊ शकते. वन विभागाच्या परवानगीशिवाय अशा क्षेत्रात गाडी घालणे हा गुन्हा आहे. गावोगावच्या देवराया, ज्यांना तेथे ‘ओरण’ म्हणतात, त्याही टाळाव्यात.

पाकिस्तानच्या सीमेलगतच्या पट्ट्यात बाहेरून येणाऱ्यांच्या वावरावर निर्बंध आहेत. पोखरणनजीकच्या लष्करी सरावक्षेत्रात प्रवेश निषिद्ध आहे. त्यामुळे नियोजित जागा जिल्हा प्रशासनाला वा स्थानिक पोलिसांना दाखवून आधीच खात्री करून घ्यावी. जैसलमेरपासून सुमारे ४० किलोमीटरवरील सम, तसेच खुरी या ठिकाणी परवानाधारक वाटाडे व तळ उपलब्ध असतात. पहिल्या सहलीसाठी त्यांच्या आधारानेच वाळूत उतरावे.

कच्छच्या रणाचा बेत असल्यास ते वाळूचे वाळवंट नाही, हे लक्षात घ्यावे. पावसाळ्यात तेथे पाणी भरते. पुढे वरचा मिठाचा थर वाळतो, पण त्याखाली चिखल राहतो. कोरड्या दिसणाऱ्या या पृष्ठभागावर गाडी नेल्यास ती आसापर्यंत रुतू शकते.

पाण्याचा हिशेब

हिवाळ्यातही पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी मिळून प्रत्येक व्यक्तीमागे दररोज ५ लिटर पाणी धरावे. चौघांचे कुटुंब तीन दिवस रस्त्यापासून दूर राहणार असेल, तर ६० लिटर पाणी लागते. गाडी अडकल्यास मदत येईपर्यंत वेळ जातो. त्यासाठी आणखी निम्मे, म्हणजे ३० लिटर पाणी राखीव ठेवावे. राखीव साठा सहल संपेपर्यंत उघडायचा नसतो. रेडिएटरचे पाणी यात धरू नये.

हे सर्व पाणी एकाच टाकीत भरणे धोक्याचे आहे. टाकीला एक चीर गेली तरी संपूर्ण साठा वाहून जातो. लहान-लहान कॅन वापरावेत आणि ते दोन गाड्यांत विभागून ठेवावेत. ९० लिटर पाण्याचे वजन ९० किलो असते. ते गाडीच्या टपावर न लादता आत, खालच्या बाजूस बांधावे. उंचावरील वजनामुळे उतारावर गाडी उलटण्याचा धोका वाढतो.

गावात पाणी मिळेलच, असे गृहीत धरू नये. जैसलमेर परिसरात वर्षभरात सरासरी २०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही. तेथील ‘टांका’ म्हणजे पावसाचे पाणी साठवण्याचे भूमिगत टाके. त्यातील पाणी गावाने पुढच्या पावसापर्यंत जपलेले असते. पाहुण्यांनी त्यावर भांडी किंवा गाडी धुणे योग्य नव्हे.

गाडी आणि वाळू

बंगळुरूच्या आसपास आडवाटेने गाडी चालवणाऱ्यांना खडकाळ चढ, लाल माती व चिखल यांची सवय असते. वाळूत ही सवय पुरेशी ठरत नाही. फोर-व्हील ड्राइव्ह असलेली गाडीही टायर फुगलेले असल्यास रुतते. रस्त्यावर साधारणतः ३२ ते ३५ पीएसआय असणारा हवेचा दाब मऊ वाळूत शिरण्यापूर्वी १५ ते १८ पर्यंत उतरवावा लागतो. त्यामुळे टायर पसरतो आणि गाडीचे वजन अधिक जागेवर विभागले जाते. दाब याहून फार कमी केल्यास टायर रिममधून निसटू शकतो. डांबरी रस्त्यावर परतताच हवा पुन्हा भरणे अनिवार्य आहे. म्हणून दाब मोजण्याचा गेज आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर यांशिवाय निघू नये.

वाळूच्या टेकडीवर गाडी सरळ चढवावी आणि सरळ उतरवावी. उतारावर आडवी चालवल्यास ती उलटते. टेकडीच्या माथ्यापलीकडे काय आहे, हे दिसत नसल्यास प्रथम पायी जाऊन पाहावे. गाडी रुतल्यास ॲक्सिलरेटर दाबत राहू नये, कारण चाके अधिकच खोल जातात. मुलांना उतरवून दूर बसवावे, फावड्याने चाकांपुढील वाळू काढावी, हवा आणखी थोडी कमी करावी आणि चाकांखाली फळ्या घालून गाडी हळूहळू बाहेर काढावी. दोर लावून गाडी ओढताना कोणीही दोराजवळ उभे राहू नये.

एकट्या गाडीने वाळूत जाऊ नये, हा सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. किमान दोन गाड्या असाव्यात. पूर्ण आकाराचे जादा चाक, जॅकखाली ठेवण्यासाठी रुंद फळी, फॅनबेल्ट आणि स्वच्छ एअर फिल्टर सोबत घ्यावा. इंधन शेवटच्या मोठ्या गावात पूर्ण भरावे. वाळूत ते रस्त्यापेक्षा बरेच अधिक खर्च होते.

तळ कोठे द्यावा

कोरड्या नदीपात्रात किंवा सखल भागात तंबू ठोकू नये. वाळवंटातही पूर येतो. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यातील कवास परिसर पुरात बुडाला आणि पाणी दीर्घकाळ साचून राहिले. तंबूसाठी वाऱ्याच्या आडोशाची, पण टेकडीच्या तीव्र उतारापासून दूर असलेली सपाट जागा निवडावी. वाळूत साधे खुंटे टिकत नाहीत. लांब, रुंद खुंटे किंवा वाळूने भरून पुरलेल्या पिशव्या उपयोगी पडतात.

जळणासाठी झाडे तोडू नयेत. तेथील खेजडी म्हणजे महाराष्ट्रात दसऱ्याला पूजली जाणारी शमी. १७३० मध्ये जोधपूरजवळील खेजडली गावात हे वृक्ष वाचवताना ३६३ बिष्णोईंनी प्राण दिले, असे सांगितले जाते. स्वयंपाकासाठी गॅसची शेगडी न्यावी, मात्र ती तंबूत पेटवू नये. कचरा सोबत परत आणावा.

मुलांची काळजी

मुले खेळण्याच्या नादात तहान सांगत नाहीत. त्यामुळे त्यांना ठरावीक वेळाने पाणी पाजावे. तोंड कोरडे पडणे, लघवी कमी किंवा गडद होणे, रडताना अश्रू न येणे, सुस्ती ही शरीरातील पाणी कमी झाल्याची लक्षणे आहेत. ओआरएसची पाकिटे जवळ ठेवावीत. ती नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून द्यावे. चमचा चहाचा असावा. उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागल्यास किंवा बेशुद्ध पडल्यास उष्माघात समजून अंग ओले करून वारा घालावा आणि तातडीने रुग्णालयात न्यावे. बंद गाडीत मुलांना एकटे ठेवू नये.

थरमध्ये फुरसे, मण्यार व विंचू आढळतात. रात्री बॅटरी व बूट यांशिवाय बाहेर पडू नये, आणि बूट झटकूनच घालावेत. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, घट्ट आवळून बांधू नये. अवयव स्थिर ठेवून रुग्णास थेट रुग्णालयात न्यावे. सर्वांत जवळचे सरकारी रुग्णालय कोठे आहे आणि तेथे प्रतिविष उपलब्ध आहे काय, याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी.

संपर्क आणि परतीची वेळ

बंगळुरूचे सी. एस. संतोष हे २०१५ मध्ये डकार रॅली पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. २०२१ मध्ये सौदी अरेबियातील याच स्पर्धेत त्यांना गंभीर अपघात झाला, तेव्हा हेलिकॉप्टरने त्यांना रुग्णालयात हलवण्यात आले. स्पर्धकावर सतत नजर असते. सहलीला गेलेल्या कुटुंबामागे अशी यंत्रणा नसते. वाळवंटात अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज मिळत नाही. उपग्रह फोन परवान्याशिवाय बाळगणे भारतात बेकायदा असून सीमावर्ती जिल्ह्यात त्याचे परिणाम गंभीर होतात. नकाशे फोनमध्ये आधीच उतरवून घ्यावेत आणि छापील नकाशा व होकायंत्रही जवळ ठेवावे.

१९८२ मध्ये पॅरिस-डकार रॅलीत ब्रिटनच्या तत्कालीन पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचे पुत्र मार्क थॅचर दोन सहकाऱ्यांसह सहारा वाळवंटात सहा दिवस बेपत्ता होते. ते बिघडलेल्या गाडीजवळच थांबले आणि अखेर अल्जीरियाच्या शोधपथकाला सापडले. आकाशातून माणसापेक्षा गाडी लवकर दिसते. गाडीत पाणी असते आणि तिची सावलीही मिळते. म्हणून गाडी बंद पडल्यास ती सोडून पायी निघू नये, हे मुलांसह सर्वांना समजावून सांगावे.

निघण्यापूर्वी बंगळुरूजवळ, परवानगी असलेल्या एखाद्या तळावर सर्व सामानासह एक रात्र काढून पाहावी. किती पाणी लागले, काय विसरले, मुलांना झोप लागली काय, हे तेथेच कळते. त्यानंतर मार्ग, मुक्कामाच्या जागा, गाड्यांचे क्रमांक आणि परतीची वेळ लिहून एक प्रत घरच्यांकडे व दुसरी जैसलमेरमधील यजमान किंवा वाटाड्याकडे द्यावी. ठरलेल्या वेळेनंतर किती तासांनी ११२ क्रमांकावर कळवायचे, हेही त्या कागदावर स्पष्ट लिहावे. परतल्यावर प्रथम त्यांनाच फोन करावा.