तिसऱ्या रात्रीचा भ्रम : दारू तुटल्यावर शरीराचे काय होते, या वादाचा इतिहास

आजच्या विषयाची सुरुवात आपण एका घरगुती वाक्यापासून करू. ज्या घरात रोजची दारू आहे, त्या घरात ते कधी ना कधी ऐकू येतेच. ‘पीत होता तोवर धडधाकट होता, सोडली आणि आजारी पडला.’ ऐकणारे हसतात. पिणाऱ्याला आयती सबब मिळते, आणि सोडवायला निघालेल्या बायकोच्या, आईच्या वाट्याला अपराधीपण येते. पण हे वाक्य खरे की खोटे, यावर युरोप-अमेरिकेतले डॉक्टर थोडीथोडकी नव्हे, एकशे चाळीस वर्षे भांडले. ते भांडण कागदावरचे नव्हते. कोणत्या बाजूचा डॉक्टर भेटतो यावर रोगी जगणार की मरणार, हे ठरत होते.

आधी नेमके काय होते ते सांगतो. रोज, बऱ्याच प्रमाणात, कित्येक महिने-वर्षे पिणारा माणूस एकाएकी थांबला, तर सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात. चहाचा कप धरवत नाही. घाम फुटतो, मळमळते, छाती धडधडते, झोप येत नाही, बारीकशा आवाजाने दचकायला होते. पुष्कळांचे एवढ्यावरच भागते आणि चार-पाच दिवसांत ओसरते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते, म्हणजे आकडी. आणि थोड्यांना, साधारण दुसऱ्या दिवसानंतर, बहुधा तिसऱ्या रात्री, भ्रम होतो. आपण कुठे आहोत, कोणती वेळ आहे हे कळत नाही. भिंतीवर किडे, अंगावर साप दिसतात. माणूस हवेतून काहीतरी वेचत बसतो, अंथरुणावरून उठून पळू पाहतो, ताप चढतो. गावाकडे यालाच बाहेरची बाधा समजून अंगारा लावल्याच्या गोष्टी आपल्यापैकी अनेकांनी ऐकल्या असतील.

या शेवटच्या अवस्थेला नाव मिळाले १८१३ साली. इंग्लंडमधल्या केंट परगण्यात, ग्रीनिचला, टॉमस सटन नावाचे डॉक्टर होते. त्यांनी या आजाराला ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ म्हटले. लॅटिनमध्ये अर्थ सरळ आहे : थरथरता भ्रम. त्या काळी भ्रमाचा रोगी आला की मेंदूला सूज आली असे धरून रक्त काढण्याची पद्धत होती. शीर कापायची, जळवा लावायच्या. सटन यांचे म्हणणे असे की हा रोग वेगळा आहे. याचे रक्त काढले की तो खचतो, आणि अफू देऊन झोपवला की वाचतो. सटन यांना कारण पूर्ण उमगले नव्हते, त्यांचे सगळे लक्ष उपचारावर होते. तरी त्यांचे रोगी बहुतेक अट्टल पिणारे आहेत, हे त्यांना दिसत होतेच. पुढे १८१९ साली पियेर रेये या फ्रेंच डॉक्टरांनी हा रोग दारूचाच, असे ठासून मांडले.

आता खरा पेच इथे सुरू होतो. दारूचा रोग, हे कबूल. पण पिण्यामुळे होतो, की थांबण्यामुळे?

बघा, सामान्य बुद्धी सांगते की पिण्यामुळे. विष जास्त झाले, मेंदूत साचले, भ्रम झाला. १८४९ साली स्वीडनच्या मॅग्नुस हूस यांनी ‘अल्कोहोलिझम’ हा शब्द वैद्यकात आणला, त्यानंतर दारूकडे विष म्हणून बघण्याची दृष्टी आणखीच पक्की झाली. एमिल झोलाची ‘लासोम्वार’ ही कादंबरी १८७७ ची. तिच्यातला कूपो पॅरिसच्या सेंत-आन इस्पितळात थरथरत, नाचत मरतो, झोपेतसुद्धा त्याचे पाय थांबत नाहीत. झोलाने हे वर्णन त्या काळच्या वैद्यकीय लिखाणावरून घेतले होते, आणि त्यात कुठेही ‘दारू तुटली म्हणून’ असे नाही. विषाचा पेला भरला आणि सांडला, असेच चित्र आहे. नीतीच्या दृष्टीनेही ते सोयीचे होते, नाही का? पापाची शिक्षा पापातूनच मिळते. थांबल्याबद्दल शिक्षा मिळते, हे कोणत्या दारूबंदी मंडळाला परवडले असते?

दुसऱ्या बाजूचे लोक होते, पण थोडे. त्यांच्याकडे एक चांगला पुरावा होता. पाय मोडून इस्पितळात आलेला माणूस. आला तेव्हा शुद्धीवर, बोलता-चालता. तिसऱ्या दिवशी भ्रमिष्ट. हे दृश्य प्रत्येक सर्जनला ठाऊक होते. प्रचलित स्पष्टीकरण असे की जखमेच्या धक्क्याने आधीच विषाने भरलेला मेंदू ढासळला. पाय मोडल्यामुळे माणूस गुत्त्यावर जाऊ शकला नाही, ही साधी गोष्ट मात्र हिशेबात धरली जात नसे. त्याला उत्तर म्हणून तुरुंगाचा दाखला दिला जाई : तिथे तर दारू एका दिवसात बंद होते, मग सगळे कैदी भ्रमिष्ट का होत नाहीत? आज आपल्याला यातली चूक दिसते. तुरुंगात येणारा प्रत्येक जण रोजचा अट्टल पिणारा नसतो, आणि अट्टल पिणाऱ्यांतही भ्रम थोड्यांनाच होतो. पण त्या काळी हा युक्तिवाद बिनतोड वाटला, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत विषाची बाजू जिंकल्यात जमा होती. त्या सुमाराच्या इस्पितळांच्या काही नोंदींत या भ्रमाचे तीन रोग्यांमागे साधारण एक दगावलेला दिसतो.

जाता जाता एक सांगायला हवे. सोडायची तर एकदम की हळूहळू, हा प्रश्न त्याहून जुना आहे. अमेरिकेचे बेंजामिन रश यांनी १७८४ मध्ये दारूच्या परिणामांवर प्रसिद्ध पुस्तिका लिहिली. त्यांचा सल्ला : एकदम आणि पूर्ण. उलट आपल्याकडे चरकसंहितेत अंगवळणी पडलेली अहितकर सवय पाव-पाव हिश्श्याने, क्रमाक्रमाने सोडावी असा नियम आहे. तो सर्व सवयींसाठी आहे, खास दारूसाठी नव्हे, तेव्हा ‘आमच्या पूर्वजांना सगळे माहीत होते’ अशा टाळ्या घ्यायला आम्ही तो सांगत नाही. पण त्याच ग्रंथात मदात्ययाच्या, म्हणजे मद्यातून होणाऱ्या रोगाच्या प्रकरणात, त्यावर मद्यच बेताने द्यावे असेही आहे. थरथर एका घोटाने थांबते हे निरीक्षण कुणा एका देशाचे नाही. सकाळी हात स्थिर करण्यापुरती घेणारा प्रत्येक जण ते स्वतःवर रोज पडताळून पाहत असतो.

वाद मिटला तो दोन ठिकाणी. पहिले, बॉस्टन. तिथल्या सिटी हॉस्पिटलमध्ये मॉरिस व्हिक्टर आणि रेमंड अ‍ॅडम्स या मेंदूविकारतज्ज्ञांनी दारूच्या रोग्यांचा तासातासाचा हिशेब ठेवला आणि १९५३ साली छापला. शेवटचा पेला कधी, थरथर कधी, फिट कधी, भ्रम कधी. सुरुवातीला मी जे वेळापत्रक सांगितले ते मुळात याच कामातून आले. त्यात घड्याळ सुरू होते ते पहिल्या पेल्यापासून नाही, शेवटच्या पेल्यापासून.

तरीही शंका उरत होती. हे रोगी उपाशी असत, जीवनसत्त्वांचा अभाव असे, यकृत गेलेले असे. कुपोषणाने झाले नसेल कशावरून?

दुसरे ठिकाण केंटकी राज्यातले लेक्सिंग्टन. तिथे अमेरिकी सरकारचे व्यसनी कैद्यांसाठीचे मोठे इस्पितळ होते, आणि त्यातच संशोधन केंद्र. हॅरिस इस्बेल आणि सहकाऱ्यांनी मॉर्फिनचे जुने व्यसनी असलेले दहा कैदी निवडले. प्रकृतीने ठणठणीत. त्यांना उत्तम जेवण, वर जीवनसत्त्वे. आणि रक्तातले प्रमाण उतरू नये अशा बेताने दारू. चौघे लवकर बाहेर पडले, ७ ते ३४ दिवसांत. उरलेले सहा जण ४८ ते ८७ दिवस पीत राहिले. मग एके दिवशी दारू बंद.

चौघांना थरथर, घाम, अस्वस्थता, एवढेच. सहाही जणांना मात्र जोराचा त्रास झाला. ताप, उलट्या, वाढलेला रक्तदाब. काहींना फिट आल्या, काहींना पुरता भ्रम झाला. पोटभर जेवणाऱ्या, जीवनसत्त्वे घेणाऱ्या, पीत असताना ज्यांना काही झाले नव्हते अशा माणसांना. १९५५ साली हा निबंध प्रसिद्ध झाला आणि त्या घरगुती वाक्यातला अर्धा भाग खरा ठरला : सोडली म्हणून आजारी पडला. पण थांबताक्षणी शरीर कोलमडावे, इतके ते आधीच बिघडलेले होते, त्यामुळे ‘धडधाकट होता’ हा दुसरा अर्धा भाग खोटाच.

या प्रयोगाबद्दल आम्हाला कौतुकाबरोबर अस्वस्थताही वाटते, ती लपवत नाही. जिवावर बेतू शकणारा आजार निरोगी माणसांत मुद्दाम निर्माण केला गेला. ते स्वेच्छेने आले होते, असे कागदोपत्री आहे. गजाआडच्या माणसाच्या स्वेच्छेला किती अर्थ, हा प्रश्न अमेरिकेत पुढच्या वीस वर्षांत जाहीरपणे विचारला गेला आणि कैद्यांवरचे असे प्रयोग बंद झाले. आज कुठलीही समिती याला परवानगी देणार नाही. आणि आज प्रत्येक इस्पितळात या आजारावर जो उपचार होतो, त्याचा पाया मात्र त्या दहा जणांनी घातला आहे.

शरीरात होते ते असे. मेंदूत एक ब्रेक आहे आणि एक अ‍ॅक्सिलरेटर. दारू ब्रेक दाबते. रोज ब्रेक दाबलेला असेल, तर मेंदू गाडी चालती ठेवण्यासाठी अ‍ॅक्सिलरेटर अधिकाधिक दाबायला शिकतो आणि स्वतःचा ब्रेक सैल करतो. मग एके दिवशी दारूचा पाय अचानक उचलला जातो. उरतो तो पूर्ण दाबलेला अ‍ॅक्सिलरेटर. थरथर, धडधड, फिट, भ्रम ही सगळी त्या सुसाट गाडीची रूपे. म्हणून उपचार कोणता, तर तोच ब्रेक दुसऱ्या औषधाने हलकेच दाबायचा आणि काही दिवसांत पाय उचलत न्यायचा. १९६० साली लिब्रियम बाजारात आले. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या इस्पितळांतल्या ५३७ रोग्यांवरचा तौलनिक अभ्यास छापून आला, त्यात फिट आणि भ्रम सर्वांत कमी झाले ते लिब्रियम मिळालेल्यांना. आज वेळेवर उपचार मिळाला तर या भ्रमाने दगावणारे शंभरात पाचाच्या आतबाहेर आहेत.

आता आपल्याकडे येऊ. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या ४० व्या कलमातली एक तरतूद सहसा कुणी वाचत नाही. मद्य न मिळाल्यास ज्याच्या प्रकृतीवर गंभीर आणि कायमचा परिणाम होईल, त्याला परवाना देता येईल, अशी ती तरतूद. म्हणजे लेक्सिंग्टनच्या निबंधाआधीच मुंबईच्या कायद्याने ओळखले होते की काही शरीरांना दारू तुटणे झेपत नाही. पण परवाना कशाचा? कायद्याच्या भाषेतल्या विदेशी मद्याचा. मलबार हिलवरच्या साहेबाचे शरीर कायद्याला दिसले. परळ-लालबागच्या देशी पिणाऱ्या गिरणी कामगाराचे शरीर तेच, मेंदू तोच, ब्रेक तोच. त्याच्यासाठी गावठी हातभट्टी होती, नाहीतर तिसरी रात्र.

हे जुने झाले असे म्हणू नका. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि देशभर दारूची दुकाने एका रात्रीत बंद झाली. केरळात दारू न मिळाल्याने आत्महत्या झाल्याच्या बातम्या आल्या. तिथल्या सरकारने ३० मार्चला आदेश काढला की डॉक्टरच्या चिठ्ठीवर अशा लोकांना दारू द्यावी. डॉक्टरांच्या संघटनेने विरोध केला, त्यांचे म्हणणे होते की याला औषध आहे आणि दारू हे ते औषध नव्हे. २ एप्रिलला केरळ उच्च न्यायालयाने आदेशाला स्थगिती दिली. वर्षभराने, एप्रिल २०२१ मध्ये, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दुकाने बंद असताना सात जण सॅनिटायझर पिऊन मेले. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘तळीराम’ म्हटले.

शेवटी एक प्रश्न. या विषयावर बोलल्यावर तो हमखास येतो, म्हणून आधीच घेतो. ‘मग घरच्या घरी हळूहळू कमी करू का?’ आठवड्यातून एक-दोनदा थोडी घेणाऱ्याने खुशाल थांबावे, त्याला काही होत नाही. पण ज्याचे हात सकाळी थरथरतात आणि घेतल्यावर थांबतात, ज्याला दारू सोडताना एकदा तरी फिट आलेली आहे, किंवा जो साठीपुढे आहे, यकृताचा वा हृदयाचा रोगी आहे, त्याने एकट्याने हा प्रयोग करू नये. सरकारी इस्पितळातल्या मानसोपचार विभागात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात हे आठवडाभराचे काम आहे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगणसारखी संस्था हेच करत आली आहे. दर वेळच्या सोडण्या-धरण्यानंतर पुढची खेप अधिक कठीण जाण्याची शक्यता असते, असेही नंतरच्या संशोधनात दिसले आहे. म्हणून जाणता डॉक्टर, किती पितोस, हे विचारण्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारतो, आणि त्याचे उत्तर सोबत आलेल्या बायकोने किंवा आईने द्यावे अशी त्याची अपेक्षा असते : मागच्या वेळी सोडली, तेव्हा काय झालं होतं?