पळून गेलेल्यांचे घर

राज कपूर यांचा ‘बॉबी’ (१९७३) आणि नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) यांत त्रेचाळीस वर्षांचे अंतर आहे. दोहोंतही तरुण जोडपे घर सोडून पळते आणि दोहोंतही त्यांपैकी एकजण मासेमाराच्या घरचे आहे. तुलना करण्याचा मोह आम्हांस आवरत नाही.

बॉबी ब्रगांझा गोव्याच्या ख्रिस्ती मासेमाराची कन्या. राज हा हिंदू धनिकाचा पुत्र. दोघांच्या आड येते ती श्रीमंती. धर्माचा प्रश्न चित्रपट जवळजवळ उचलतच नाही. (कोणत्याही धर्मग्रामात तो पहिल्याच दिवशी उभा राहिला असता, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो!) शेवटी दोघे धबधब्यात उडी घेतात आणि दोन्ही पिते एकमेकांच्या अपत्याला बाहेर काढतात. बापांचे मन वळले की कथा संपली. पुढचा संसार पाहण्याची गरज दिग्दर्शकाला वाटत नाही. ‘कयामत से कयामत तक’मध्ये (१९८८) तो संसार निर्जन जागी काही दिवस दिसतो, आणि मग दोघांचाही मृत्यू.

हा पेच ख्रिस्तसभेलाही जुनाच आहे. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने गुप्त विवाहांना आळा घालून धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदार आवश्यक ठरविले. परंतु आईबापांच्या संमतीवाचून झालेला विवाह त्याच कारणास्तव रद्दबातल मानावा, हे म्हणणे तिने फेटाळले. मुलांच्या इच्छेला मान द्यावा, पण त्यांचे लग्न अंधारात होऊ नये, असा तो निर्णय होता. आमच्या मते तो आजही पुष्कळ घरांना पचलेला नाही.

‘सैराट’चे वेगळेपण असे की त्याचा उत्तरार्ध पळून गेल्यानंतर सुरू होतो. जातीच्या भिंतीमुळे गाव सोडलेल्या आर्ची व परश्याला हैदराबादेत डोशाची गाडी चालविणारी सुमनअक्का आसरा देते. ती त्यांची ना नात्याची, ना जातीची. सधन घरात वाढलेली आर्ची कारखान्यात कामाला जाते. दोघे भांडतात, संशय घेतात, पुन्हा जुळवून घेतात. पुढे विवाहाची नोंद होते, मूल होते. मंजुळे यांनी प्रेमाला भाडे भरायला लावले, हे आम्हांस त्यांचे मोठे धाडस वाटते.

काही काळाने आर्ची आईला फोन करते. त्यानंतर भाऊ माणसे घेऊन, माहेरच्या भेटवस्तूंसह दारात येतो. त्यांना आत घेतले जाते, चहा दिला जातो. मूल तेवढ्यात शेजारणीबरोबर बाहेर गेलेले असते.