वस्तरा कोणाच्या हाती? महाराष्ट्रातील घरच्या दाढीचा इतिहास

पुरुषाने घरी दाढी करणे ही आधुनिक काळाची देणगी होय, हा प्रचलित समज महाराष्ट्रापुरता अर्धाच खरा ठरतो. कारण येथील बहुसंख्य गृहस्थांची दाढी पूर्वीही घरीच, म्हणजे ओट्यावर, पडवीत किंवा अंगणातल्या सावलीत होत होती, फक्त ती करणारा न्हावी बाहेरून येत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जो पालट झाला तो प्रामुख्याने वस्तरा धरणाऱ्या हाताचा होता. या पालटामागे पोलादाच्या धारेचा प्रश्न होता तसाच कोणी कोणाला शिवावे हाही होता, आणि दाढीच्या साधनांचे इतिहास बहुधा पहिल्याचाच विचार करून थांबतात.

दाढी किती दिवसांनी करावी याविषयी प्राचीन भारतीय ग्रंथांनी बारकाईने नियम सांगितले आहेत. मुलाच्या दाढीमिशांचे पहिले क्षौर, म्हणजे वस्तऱ्याने केस काढण्याची क्रिया, हा 'केशान्त' नावाचा स्वतंत्र संस्कारच होता आणि मनुस्मृतीने त्यासाठी ब्राह्मणाला सोळावे, क्षत्रियाला बाविसावे व वैश्याला चोविसावे वर्ष नेमून दिले आहे. चरकसंहिता केस, दाढीमिशा व नखे पंधरवड्यातून तीनदा काढण्याचा सल्ला देते, तर वात्स्यायनाच्या कामसूत्रातील नागरक, म्हणजे शहरी चैनीचे जीवन जगणारा सुसंस्कृत पुरुष, रोज स्नान करतो, पण दाढी मात्र दर चौथ्या दिवशी करवून घेतो. रसिकतेचा हा आदर्शसुद्धा रोज गुळगुळीत गालांची अपेक्षा ठेवत नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. रोजची दाढी हा नियम पुढे कचेरीने आणि लष्कराने घालून दिला.

मराठी मुलुखातील गावगाड्यात न्हावी हा बलुतेदार होता. बलुतेदार म्हणजे गावाला वर्षभर ठरलेली सेवा देऊन तिच्या मोबदल्यात सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याचा वाटा घेणारा वतनदार कारागीर. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे जे तपशीलवार चित्र आले आहे, त्यावरून तिचे लाभ आणि तिच्यातील ओढाताण दोन्ही दिसतात. प्रत्येक दाढीमागे पैसे मोजण्याचा प्रश्न येत नसे, पण न्हावी आपल्या सवडीने येई आणि घरधन्याला त्याची वाट पाहावी लागे. डोके व दाढी करणे एवढेच त्याचे काम नव्हते; अंग रगडणे, नखे काढणे, लग्नकार्यात मशाल धरणे, निरोप पोचवणे ही कामेही त्याच्याकडे असत. संत सेना न्हावी यांनी आपल्या अभंगात आरसा, चिमटा अशा याच धंद्यातील वस्तूंना विवेक आणि वैराग्याचा अर्थ दिला, यावरून ही हत्यारे श्रोत्यांच्या किती परिचयाची होती हे कळते.

ही हत्यारे ज्या पिशवीत राहत तिला धोकटी म्हणत, आणि तीत वस्तरा, कातर, चिमटा, नखे काढण्याची नराणी, धार लावण्याचा दगड, चामड्याचा पट्टा, पाण्याची वाटी व छोटा आरसा एवढा संसार मावत असे. साबणाचा वापर सर्रास होण्यापूर्वी न्हावी गिऱ्हाइकासमोर उकिडवा बसून नुसत्या पाण्याने गाल व हनुवटी बराच वेळ चोळत राही. वरवर पाहता वेळकाढू वाटणारी ही क्रिया वस्तुतः सुखद दाढीचे मर्म होती. कारण दाढीचा कोरडा केस राठ असतो, तो काही मिनिटे पाणी शोषून घेतो तेव्हा फुगून मऊ होतो आणि तो कापायला पुष्कळच कमी जोर लागतो. त्यानंतर अंगठ्याने कातडी ताणून धरणे, वस्तरा त्वचेशी साधारण तीस अंशांच्या कोनात ठेवणे, पहिला हात केसांच्या वाढीच्या दिशेने फिरवणे आणि गिऱ्हाइकाला अधिक गुळगुळीतपणा हवा असेल तरच दुसरा हात उलट्या दिशेने फिरवणे, हा सारा अनुभव बापाकडून मुलाकडे जाई. शेवटी ओल्या गालावर तुरटीचा खडा फिरे. तिच्या स्तंभक गुणामुळे, म्हणजे ऊती आकसवून रक्त थांबवण्याच्या गुणामुळे, बारीक कापलेल्या जागा बंद होत.

क्षौराचा वार व तिथी पंचांगात पाहिली जाई, निषिद्ध दिवस पुष्कळ असत, सुतकाचे नियम निराळे असत, आणि क्षौरानंतर स्नान केल्याशिवाय उच्चवर्णीय गृहस्थ घरात वावरत नसे. दाढी ओट्यावर होण्याचे कारण उजेडाइतकेच या विटाळाच्या कल्पनेत होते. अर्थात ज्याच्या हाती धारदार पाते देऊन निर्धास्तपणे गळा पुढे करायचा, त्याचाच स्पर्श नंतर धुऊन काढायचा, ही विसंगती त्या काळच्या फारशा कोणाला टोचलेली दिसत नाही.

या व्यवस्थेच्या बाहेर ठेवलेल्यांसाठी मात्र दाढीचा इतिहास अगदी वेगळा आहे. गावचा न्हावी अस्पृश्य मानलेल्या जातींचे केस कापत नसे व दाढी करत नसे, त्यामुळे त्या वस्त्यांतील माणसांना हे काम आपसातच करून घ्यावे लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साताऱ्यातील बालपणाविषयी लिहिताना नोंदवले आहे की गावात न्हावी होते, पैसे देण्याची ऐपतही होती, तरी कोणी न्हावी हात लावायला तयार नसल्यामुळे भावंडांचे केस थोरली बहीण कापत असे. तेव्हा न्हाव्यावाचून घरच्या घरी केस व दाढी करण्याची रीत महाराष्ट्रात प्रथम कोणी पाडली या प्रश्नाचे उत्तर विलायतेहून परतलेल्या बॅरिस्टरांच्या दिवाणखान्यापेक्षा या वस्त्यांमध्ये शोधणे अधिक न्याय्य होईल. एकाला जी पुढे सोय वाटली ती दुसऱ्यावर आधीच लादलेली होती. न्हाव्याचा नकार नेहमीच वरून खाली जात होता असे मात्र नाही. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला, तेव्हा त्याच वस्तऱ्याने उच्चवर्णीयांच्या रूढीलाच अडवून धरले.

स्वतःची दाढी स्वतः करण्याच्या आड जी तांत्रिक अडचण होती ती जगभर सारखीच होती. उघड्या वस्तऱ्याने दुसऱ्याची दाढी करणे कौशल्याचे, पण आरशात पाहून स्वतःची करणे त्याहून अवघड. आणि त्याहीपेक्षा कठीण म्हणजे ती धार राखणे. अठराव्या शतकात शेफिल्डच्या बेंजामिन हंट्समनने मुशीत वितळवून एकजीव पोलाद तयार करण्याची पद्धत बसवल्यावर उत्तम वस्तरे मिळू लागले, तरी त्यांना रोज पट्ट्यावर आणि अधूनमधून दगडावर घासावे लागेच. त्याच शतकात झां-झाक पेरे या फ्रेंच कारागिराने पुरुषांना स्वतःची दाढी करायला शिकवणारे पुस्तक लिहिले आणि पाते खोल रुतू नये म्हणून वस्तऱ्याला लाकडी आवरण सुचवले. पुढे १८८० साली न्यूयॉर्कच्या काम्पफे बंधूंनी दांड्यावर आडवे बसणारे, पुढे संरक्षक कड असलेले दाढीयंत्र काढले, ज्याला सेफ्टी रेझर म्हणतात. पण त्याचे पातेही काढून घासावेच लागत असल्याने कापण्याचे भय कमी झाले तरी धारेचे ओझे कायम राहिले.

किंग कॅम्प जिलेट याची कामगिरी नेमकी येथे आहे. सुरक्षित यंत्राची कल्पना त्याची नव्हे. धार लावण्याचे कामच नाहीसे करावे, पाते इतके पातळ व स्वस्त असावे की बोथट होताच फेकून द्यावे, हा विचार त्याला १८९५ च्या सुमारास सुचला. एवढ्या पातळ पोलादाला कडकपणा देता येणार नाही असे जाणकार सांगत असताना विल्यम निकरसन या अभियंत्याने ते तंत्र साधले. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, अवघी ५१ यंत्रे व १६८ ब्लेडे खपली, आणि पुढच्याच वर्षी यंत्रांचा आकडा ९० हजारांवर गेला. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून रक्षण करणारा मुखवटा दाढीवर घट्ट बसत नसल्याने सैनिकाचे गाल साफ असणे हा जिवाचा प्रश्न बनला. अमेरिकन सरकारने आपल्या सैन्यासाठी सुमारे ३५ लाख यंत्रे आणि तीन कोटींहून अधिक ब्लेडे मागवली, आणि युद्धाहून परतलेल्या लाखो पुरुषांनी ही सवय घरी नेली.

भारतीयांपैकी विलायतेला जाणारे तरुण त्याआधीच उघड्या वस्तऱ्याने स्वतःची दाढी करायला शिकत होते. महात्मा गांधींनी आत्मकथेत म्हटले आहे की इंग्लंडला जाणारा प्रत्येकजण निदान दाढी करणे शिकतोच, केस कापणे मात्र कोणी शिकत नाही. प्रिटोरियातील गोऱ्या न्हाव्याने केस कापायला नकार दिल्यावर त्यांनी यंत्र विकत घेऊन स्वतःचे केस स्वतः कापले आणि त्या न्हाव्याला दोष न देता, आपल्याकडील न्हाव्यांना आपण तरी अस्पृश्यांचे काम कुठे करू देतो, अशी नोंद केली. साताऱ्यातील थोरल्या बहिणीच्या हातातील कात्री आणि प्रिटोरियातील हे यंत्र यांचा संबंध गांधींच्या या एका वाक्याने जोडला जातो.

मुंबई-पुण्याच्या नोकरदार वर्गात सेफ्टी रेझर रुजण्याचे कारण सुधारणेच्या विचारापेक्षा घड्याळाशी अधिक निगडित होते. कचेरीची वेळ ठरलेली, चाळीतील खोली लहान, बलुत्याचा न्हावी गावी राहिलेला आणि सलूनमध्ये रोज जाणे खर्चाचे, अशा स्थितीत खिडकीच्या गजाला टांगलेला आरसा, पितळी वा ॲल्युमिनियमचा पेला, ब्रश, गोल डबीतला गोदरेजचा दाढीचा साबण आणि पत्र्याच्या पेटीतले यंत्र यांनी ओट्याची जागा घेतली. दुसऱ्याचा स्पर्शच उरला नाही, तेव्हा वार-तिथीचा आणि नंतरच्या सक्तीच्या स्नानाचा धाकही सैल झाला. धर्मशास्त्राशी वाद न घालता रूढी निष्प्रभ होण्याची ही एक ठळक तऱ्हा म्हणावी लागेल. घरच्या न्हाव्याचे येणे मात्र त्याबरोबर थांबले, आणि गावची खबरबात घरोघर पोचवणारा एक मार्गही बंद झाला.

जुनी ब्लेडे कार्बनयुक्त पोलादाची असल्याने कोकण-मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, ती एका दिवसात गंजत. म्हणून दाढी होताच ब्लेड पुसून, वाळवून कागदात गुंडाळून ठेवण्याची शिस्त घरोघर होती, आणि बोथट ब्लेड काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूने घासून आणखी दोन-चार दाढ्यांपुरते चालवण्याची युक्तीही होती. फेकून देण्यासाठी जन्मलेली वस्तू मराठी घरात सहजासहजी फेकली जात नसे. दाढीतून निवृत्त झाल्यावर ती पेन्सिलीला टोक काढायला, शिवण उसवायला आणि नखे कापायला लागे. १९६२ साली विल्किन्सन स्वोर्ड या ब्रिटिश कंपनीने स्टेनलेस पोलादाचे, वर आवरणाचा पातळ थर असलेले ब्लेड आणले आणि गंजाची ही चिंता मिटू लागली. स्वातंत्र्योत्तर भारतात आयातीवर निर्बंध असल्याने बाजार देशी ब्लेडांनी व्यापला. कलकत्त्याच्या मल्होत्रा उद्योगसमूहाची पनामा, टोपाज ही नावे घराघरांत पोचली.

१९७१ मध्ये जिलेटच्या कंपनीने एकामागे एक दोन पाती बसवलेले यंत्र काढले, ज्यात पहिले पाते केस थोडा ओढून धरते आणि तो मागे सरकण्याआधी दुसरे त्याला आणखी खालून कापते. यामुळे गाल अधिक गुळगुळीत झाले हे खरे, पण कापलेला केस त्वचेच्या पातळीखाली राहतो आणि तो कुरळा असला की बाहेर येताना कातडीतच वळून पुळ्या उठवतो. जुन्या न्हाव्याने उलटा हात सर्वांवर फिरवला नाही त्यामागे हेच शहाणपण होते. यंत्र स्वतःच्या हाती आले, पण कोणाच्या गालाला किती खोल दाढी सोसते हे ओळखणारी नजर त्याच्या पेटीत मिळाली नाही.

पाण्याच्या बाबतीतही यंत्रकर्त्यांना हे कळायला वेळ लागला. २००२ साली भारतासाठी आणलेल्या यंत्राची चाचणी जिलेटने अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील भारतीय विद्यार्थ्यांवर घेतली आणि ती उत्तम उतरली. परंतु त्या विद्यार्थ्यांच्या नळाला वाहते पाणी होते, तर भारतातील असंख्य घरांत दाढी पेलाभर पाण्यात उरकावी लागते, आणि पात्यांमध्ये अडकलेले केस त्या पेल्यात धुऊन निघेनात. या अनुभवातून घडलेले, एकच पाते व सहज धुतली जाणारी रचना असलेले यंत्र २०१० साली १५ रुपयांना बाजारात आले. दरम्यान रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या, विशेषतः एड्सच्या, भीतीने सलूनमधला घासायचा वस्तरा मागे पडला होता. आता न्हावी दुधारी ब्लेडाचे कागदासकट मधोमध दोन तुकडे करतो, त्यातला एक वस्तऱ्याच्या आकाराच्या मुठीत बसवतो, आणि दाढी झाल्यावर तो गिऱ्हाइकादेखत काढून टाकतो.