कामांबेर: दंतकथा, डबी आणि बुरशी

फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात पेई दोज नावाचा टेकड्याखोऱ्यांचा मुलूख आहे. जमीन चिकणमातीची, पाऊस बारमाही. धान्यापेक्षा गवतच इथे जोमाने वाढते. 17व्या आणि 18व्या शतकांत शेतकऱ्यांनी नांगरटीखालची बरीच जमीन कुरणासाठी सोडली. झुडपांची दाट कुंपणे, सफरचंदाच्या बागा आणि झाडांखाली चरणाऱ्या गाई ही इथली ओळख.

कामांबेर हे त्यातलेच एक खेडे. 1791मध्ये, राज्यक्रांतीच्या धामधुमीत, नव्या राजवटीची शपथ नाकारलेला एक धर्मगुरू इथे लपला आणि त्याने मारी आरेल या शेतकरणीला चीजचे गुपित शिकवले, असे सांगतात. गोष्ट नामी आहे, पण मारीचा जन्म 1761चा. आणि जवळच्या व्हिमूतिए गावच्या सोमवारच्या बाजारात येणाऱ्या कामांबेरच्या चीजची तारीफ तोमा कोर्नेयच्या 1708च्या भूगोलकोशातच सापडते. मारीच्या वंशजांनी मात्र हा धंदा आसपासच्या गावांत वाढवला, यात शंका नाही.

मऊ चीजला प्रवास सोसत नाही. 1855मध्ये याच मुलखातल्या लिझ्यू शहरापर्यंत रेल्वे आली आणि पॅरिस जवळ आले. 1890च्या सुमारास रिदेल नावाच्या इंजिनियरने पातळ लाकडाची गोल डबी काढली, तेव्हा कुठे ते लांबच्या बाजारांत धडपणे पोचू लागले. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या शिध्यात आल्यावर ते साऱ्या देशाचे झाले. आज ओळखीची वाटणारी पांढरीशुभ्र साल 20व्या शतकातली. आधी तिच्यावर निळसर-करडी बुरशी असे.

नाव मात्र हातचे गेले. 1926मध्ये न्यायालयाने ‘कामांबेर’ हे सर्वसामान्य नाव ठरवले. योगायोग असा, की त्याच वर्षी एक अमेरिकन डॉक्टर मारीला वंदन करायला व्हिमूतिएत आला. 1928मध्ये तिचा पुतळा उभा राहिला, 1944च्या बॉम्बवर्षावात तो मोडला, आणि पुढे अमेरिकेतल्या चीज कारखान्याच्या कामगारांच्या पैशातून नवा आला.

1983पासून ‘कामांबेर द नॉर्मंडी’ या पूर्ण नावाला कायद्याचे संरक्षण आहे. त्यासाठी दूध न तापवलेले हवे. रेनेटने (वासराच्या जठरातल्या पाचकाने) ते साकळले, की पळीने अलगद उचलून साच्यात ओततात. एक थर निथळून खाली बसला की दुसरा, असे किमान पाच थर. मग मीठ लावून सुमारे तीन आठवडे मुरवायचे. साल आधी धरते, आतला भाग कडेकडून मध्याकडे मऊ होत जातो.