अल्पव्ययी प्रवास आणि माहितीचे मोल

अल्पव्ययी प्रवासाचा इतिहास लिहिताना भाड्याचे दर हेच बहुधा प्रमाण मानले जाते. वस्तुतः प्रवाशाचा खर्च दुहेरी असतो: एक तिकिटाचा व दुसरा ते तिकीट मिळविण्याचा. गाडी केव्हा सुटते, जागा आहे किंवा नाही, स्वस्त मार्ग कोणता, हे जाणून घेण्यास लागणारा वेळ, श्रम आणि प्रसंगी दलालास द्यावा लागणारा पैसा भाड्याच्या कोष्टकात कोठेच दिसत नाही. आंतरजालावरील साधनांनी भारतीय रेल्वेच्या प्रवाशाचे जे हित साधले ते मुख्यतः या दुसऱ्या खर्चाच्या बाबतीत होय. तथापि ते सर्वांस सारखे लाभले नाही, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली उतारू गाडी धावली. पुढे रेल्वेचा विस्तार झाला, तेव्हा तिसऱ्या वर्गाचा उतारू हाच तिचा बहुसंख्य गिऱ्हाईक ठरला. भाडे कमी असले तरी बाकीचा भार त्याच्या देहावर पडे. गांधीजींनी १९१७ साली तिसऱ्या वर्गाच्या स्थितीविषयी जे लेखन केले, त्यात मुंबई ते मद्रास या प्रवासास १३ रुपये ९ आणे पडल्याची नोंद आहे. पहिल्या वर्गाचे भाडे याच्या पाचपटींहून अधिक होते. परंतु तिसऱ्या वर्गाच्या उतारूस त्या सुखसोयींचा दशांश तरी मिळतो काय, असा त्यांचा प्रश्न होता. १९७४ साली तिसरा वर्ग रद्द झाला. खिडकीपुढील रांग मात्र कायम राहिली.

या रांगेचे स्वरूप संगणकाने पालटले. पूर्वी आरक्षणाची नोंद हाताने वह्यांत होत असे. १९८६ साली नवी दिल्ली येथे संगणकीय आरक्षण सुरू झाले आणि १९९९ पर्यंत देशातील प्रमुख आरक्षण केंद्रे एकमेकांस जोडली गेली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या भारतीय रेल्वे खानपान व पर्यटन महामंडळाने २००२ साली आंतरजालावर तिकीटविक्री आरंभिली. प्रारंभी हे छापील तिकीट कुरिअरने घरी येई. २००५ पासून ई-तिकीट आले. २०१४ साली मुंबईच्या उपनगरी प्रवाशांसाठी अनारक्षित तिकिटाचे मोबाइल ॲप निघाले. एका तिकिटासाठी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडविणाऱ्या माणसास ही बचत भाड्यातील सवलतीहून कमी मोलाची नव्हती.

परंतु या साधनाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. ज्या यंत्रणेमुळे रिकाम्या जागा प्रवाशास दिसू लागल्या, तिच्यामुळेच मागणीचा क्षणोक्षणीचा हिशेब रेल्वे प्रशासनासही उपलब्ध झाला. सप्टेंबर २०१६ मध्ये राजधानी, शताब्दी व दुरंतो गाड्यांस लवचीक भाडे लागू झाले. प्रत्येक दहा टक्के जागा विकल्या गेल्या की मूळ भाडे दहा टक्क्यांनी चढे व काही वर्गांत ते दीडपटीपर्यंत जाई. आधी बेत ठरवू शकणाऱ्यास ही योजना सुसह्य होती. परंतु ज्यास आजारपण वा मर्तिक यांसाठी अकस्मात निघावे लागे, त्याच्यावर तिचा भार अधिक पडे. ई-तिकिटावर स्वतंत्र सुविधा शुल्कही घेतले जाते. शिवाय ज्याच्यापाशी मोबाइल, बँक खाते व अक्षरज्ञान नाही, त्यास अद्यापि खिडकी वा दलाल यांचाच आश्रय घ्यावा लागतो. माहितीचा खर्च नाहीसा झाला असे म्हणणे म्हणूनच युक्त नव्हे. तो एकाच्या शिरावरून दुसऱ्याच्या शिरावर गेला, इतकेच.

यातून अभ्यासकास एक पद्धतिविषयक धडा मिळतो. छापील वेळापत्रक व भाड्याचे कोष्टक या साधनांच्या आधारे १९१७ मधील प्रवासाचा खर्च अजमावता येतो. पडद्यावर क्षणभर दिसून बदलणारी किंमत मात्र सहसा सामान्य वाचकापुढे कागदरूपाने उरत नाही. सामान्य माणसाच्या प्रवासाचा इतिहास लिहावयाचा असेल, तर आजचे भाडे, शुल्क व प्रतीक्षायादी यांच्या नोंदी आजच जतन केल्या पाहिजेत. त्याबरोबरच ज्यांची नोंद कोणत्याही पडद्यावर होत नाही, त्या अनारक्षित डब्यातील उतारूंच्या जबान्याही टिपून ठेवणे अवश्य आहे.