‘नटसम्राट’ ते तमाशाचा फड : मराठी रंगमंचावरचं म्हातारपण

म्हातारपणी आपलं घर कोणतं? आधुनिक मराठी नाटकानं हा प्रश्न वारंवार विचारला आहे.

वि. वा. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ १९७० मध्ये रंगमंचावर आलं. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’शी त्याचं नातं उघड आहे, फक्त इथे राजाच्या जागी निवृत्त नट आहे. गणपतराव बेलवलकर सगळी मिळकत मुलांना वाटून टाकतात आणि त्यांच्याच घरात नकोसे होतात. ही भूमिका अजरामर करणारे डॉ. श्रीराम लागू तेव्हा अवघे ४३ वर्षांचे होते.

जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’मध्ये घर आहे, पण मुलं नाहीत. एक मुलगा अमेरिकेत स्थायिक होतो, दुसरा हवाई दलात असतो. नाना आणि नानी वाट पाहत राहतात. दळवींच्याच ‘कालचक्र’मध्ये तर वृद्ध जोडपं ‘आम्हाला दत्तक घ्या’ अशी जाहिरात देतं. आधी घर गेलं, मग मुलं दूर गेली आणि शेवटी आईवडिलांनी स्वतःच नवं घर शोधलं.

ही तिन्ही कुटुंबं पांढरपेशी आहेत. तमाशात चित्र वेगळं. गवळणीतली मावशी वयानं मोठी, पण ती हसवण्यासाठी असते आणि बहुधा पुरुषच ती भूमिका करतो. कलावंताच्या स्वतःच्या उतारवयाला मात्र वगात फारशी जागा नसते.

जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव ही तमाशाची पंढरी. यात्रांच्या हंगामात इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक सुपारी द्यायला येतात. याच गावाचं नाव लावणाऱ्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. तरीही अखेरच्या काळात त्यांची आर्थिक ओढाताण झाली. उपचारांच्या खर्चासाठी लोकांच्या मदतीची गरज पडली. १५ जानेवारी २००२ रोजी त्यांचं निधन झालं. आज त्यांच्या नावानं राज्य सरकार ज्येष्ठ तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं.

ज्येष्ठ कलावंतांसाठी राज्याची मासिक मानधन योजनाही आहे. पण पाय थकले की सुपारी थांबते आणि फडातल्या बहुतेकांना ना पेन्शन, ना फंड. बेलवलकरांकडे वाटून टाकायला निदान मिळकत तरी होती.